जुना टिपर (हायवा) घ्यायचाय? मोबाईलवर काय तपासायचं आणि गाडीखाली वाकून काय बघायचं

सेकंड हँड मोबाईल किंवा बाईक घेताना काय बघायचं हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. पण घरातलं कोणी जुना टिपर घ्यायला निघालं की "तू इंजिनियर आहेस ना, जरा ऑनलाईन बघ" असं म्हणून काम आपल्याच गळ्यात पडतं. माझ्या मामांनी मागच्या वर्षी एक ट्रॅक्टर विकून टिपर घ्यायचं ठरवलं, तेव्हा माझंही तेच झालं. मी सॉफ्टवेअरवाला, ट्रकमधलं मला शून्य कळत होतं.

पहिली गाडी आम्ही वाघोलीत बघितली. मी ॲपवर नंबर टाकला. फिटनेस चालू, इन्शुरन्स चालू, कर्ज नाही. "मामा, सगळं क्लिअर आहे, घेऊन टाका," असं मी बोलूनही गेलो. मामांनी सोबत आणलेला मिस्त्री म्हणाला, "साहेब, तुमचं मोबाईलवरचं झालं ना? आता जरा बॉडी उचलून बघू." बॉडी अर्धी उचलली, तर दहा मिनिटांत ती वीतभर खाली बसली. चेसीवर बिजागरीच्या पुढे जुन्या वेल्डिंगवर नवीन रंग मारलेला होता. मी हो म्हटलेली गाडी मिस्त्रीने तिथेच नाकारली. मोबाईल फक्त कागदांबद्दल सांगतो, लोखंडाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून या लेखात दोन्ही तपासण्या दिल्या आहेत.

टिपर, डंपर, हायवा: फरक काय?

रस्त्यावर चालणाऱ्या, बॉडी उचलून माल ओतणाऱ्या ट्रकला टिपर म्हणतात. डंपर हा शब्दही आपल्याकडे त्याच अर्थाने चालतो. 'हायवा' हे खरं तर एका कंपनीचं नाव आहे. १९७९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेली ही कंपनी बॉडी उचलणारे हायड्रोलिक जॅक बनवते. जॅकवरचं नाव पुढे अख्ख्या गाडीलाच पडलं.

मॉडेलचा नंबरही वाचता येतो. टाटाचा २५१८ म्हणजे साधारण २५ टन एकूण वजनाची आणि १८० हॉर्सपॉवरच्या आसपासची गाडी.

बॉडी वर जाते कशी?

इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडलेल्या पीटीओमार्फत एका पंपाला मिळते. पंप टाकीतलं तेल दाबाने जॅकमध्ये ढकलतो. जॅकमध्ये एकात एक बसलेले नळे असतात. ते दुर्बिणीसारखे उघडत जातात आणि बॉडी वर जाते. खाली येताना पंपाची गरज नसते. व्हॉल्व्ह उघडला की बॉडी स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि तेल टाकीत परत जातं.

एवढी ताकद येते कुठून? समजा तेलाचा दाब १५० बार आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर जवळपास १५० किलो. जॅकच्या सर्वांत जाड नळ्याचा व्यास १५ सेंमी धरला तर क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस सेंमी होतं. गुणाकार केला की २६ टनांच्या वर जोर येतो. वरचे नळे बारीक असल्याने पुढे जोर कमी होत जातो, पण तोवर माल घसरायला लागलेला असतो.

हे समजून घ्यायचं कारण म्हणजे वाघोलीतली बॉडी खाली का बसली ते यातून कळतं. जॅकचं सील किंवा व्हॉल्व्ह झिजला की दाबलेलं तेल हळूहळू निसटतं.

मोबाईलवरची तपासणी

एमपरिवहन ॲप किंवा परिवहनच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर टाका आणि या गोष्टी बघा:

१. नोंदणीची तारीख आणि बीएस नॉर्म. देशभर बीएस-४ १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. विकणारा सांगतो ते मॉडेल याच्याशी जुळतं का?

२. फिटनेसची मुदत. ८ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस करावं लागतं. गाडी जुनी होत जाते तशी त्याची फी वाढत जाते. म्हणून १३-१४ वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी पुढचा खर्च धरूनच भाव करा.

३. इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, परमिट. जे संपलेलं आहे, त्याचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

४. ई-चलन. चलनाच्या साईटवर नंबर टाकून बाकी दंड बघा. टिपरवर तो मोठा निघू शकतो.

५. फायनान्सरचं नाव. याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

६. ब्लॅकलिस्ट. आरसीच्या स्थितीत असा शेरा दिसला तर थांबा. वाळू किंवा मुरमाची विनापरवाना वाहतूक करताना पकडलेल्या गाडीवर महसूल विभागाची कारवाई असू शकते. गाडी ज्या भागात चालली तिथल्या तहसील कार्यालयात चौकशी करा.

यानंतर चेसी नंबर जुळवा. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. चेसीवर कोरलेला नंबर स्वतः बघून आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. कोरलेल्या जागी घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा.

"कर्ज संपलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय"

दुसरी गाडी संगमनेरजवळ मिळाली, २०१३ चं मॉडेल. मिस्त्रीला लोखंड आवडलं, पण ॲपवर फायनान्सरचं नाव दिसत होतं. मालक म्हणाला, "हप्ते केव्हाच फिटलेत, पैसे द्या, गाडी घेऊन जा." मामा तयार होते. ट्रॅक्टरचे पैसे बँकेत पडून होते आणि क्रशरवाला काम दुसऱ्याला देईल अशी त्यांना भीती होती. वाघोलीत मी चुकलो होतो, त्यामुळे "मामा, थोडं थांबा" असं म्हणायलाही मला जड जात होतं. तरी म्हटलं.

आरसीवर फायनान्सरचं नाव असेपर्यंत गाडी तुमच्या नावावर सरळ होत नाही. हप्ते बाकी निघाले तर फायनान्सर गाडी ओढून नेऊ शकतो. नाव काढायला फायनान्सरची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. आम्ही लेखी पावती करून फक्त टोकन दिलं. एनओसी यायला पाच आठवडे गेले. तेव्हा कळलं की दोन हप्ते आणि त्यावरचा दंड खरंच बाकी होता. तो मालकाने भरला आणि मगच आम्ही उरलेले पैसे दिले.

गाडीवरची तपासणी

⚠️ आधी हे वाचा: वर उचललेल्या बॉडीखाली मजबूत टेकू लावल्याशिवाय हातसुद्धा घालू नका. नळी फुटली तर बॉडी क्षणात खाली येते. बॉडी सपाट जागीच उचला आणि वर विजेच्या तारा नाहीत हे बघा.

* गार इंजिन. आधीच चालू करून ठेवू नका असं मालकाला सांगा. गार असताना सुरू व्हायला किती वेळ लागतो, धूर कोणता येतो ते बघा. निळा धूर थांबतच नसेल तर इंजिन ऑईल जाळतंय. चालू इंजिनवर ऑईलचं झाकण काढल्यावर जोरात वाफारा आला तर रिंगा झिजल्यात.
* चेसी. बिजागरी आणि पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ टॉर्च मारून चीर, वेल्डिंग, ताजा रंग शोधा.
* जॅक. रिकामी बॉडी अर्धी उचलून दहा मिनिटं ठेवा. खाली बसते का? नळ्यांवर ओरखडे किंवा तेल आहे का?
* ब्रेकची हवा. हवा पूर्ण भरल्यावर इंजिन बंद करा. काटा भराभर खाली आला तर गळती आहे.
* टायर. १० टायर म्हणजे मोठी रक्कम. बाजूला चार अंकी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. रिमोल्ड किती आहेत तेही मोजा.

"सहा ब्रास बसते" म्हणजे काय?

विकणारा हे अभिमानाने सांगतो. आपण हिशोब करू. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. खडीचं वजन ब्रासला साधारण ४.२ टन धरलं तर ६ ब्रास म्हणजे २५ टन माल झाला. २५ टन एकूण वजनाच्या गाडीचं स्वतःचंच वजन १० टनांच्या आसपास असतं. म्हणजे कायद्याने माल १५ टन, साडेतीन ब्रास. वरचे १० टन ओव्हरलोड! मोटार वाहन कायद्यात त्यासाठी २०,००० रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. इथे एका खेपेला ४०,००० झाले. चेसीला चिरा पडतात त्या अशाच खेपांनी.

२०१८ मध्ये तीन ॲक्सलच्या गाडीची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली, पण तुमच्या आरसीवर जो आकडा आहे तोच धरा.

मोबाईलला स्कॅनर जोडून बघू का?

मी हे करून बघणार होतो. कारसाठी मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इथे वापरू नका. कारची सिस्टीम १२ व्होल्टची आणि ट्रकची २४ व्होल्टची असते. शिवाय ट्रकचा कंप्युटर सहसा जे१९३९ नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलवर बोलतो. आमच्या बीएस-३ गाडीत तर डिझेल पंपच मेकॅनिकल होता, म्हणजे वाचायला काही नव्हतंच. बीएस-४ किंवा बीएस-६ गाडी असेल तर ट्रकचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये एरर कोड काढून घ्या.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने केली?

गाडी ८ लाख ४० हजारांना पडली. मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं, "किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला ठेवा." शेवटी २ लाख ६० हजार लागले.

१. ब्रेक लायनर, हवेच्या नळ्या, स्टेअरिंगचे जोड
२. जॅकचं सील किट, हायड्रोलिक तेल आणि फिल्टर
३. क्लच प्लेट, मागचे तुटलेले पाटे
४. चार टायर
५. बॉडीच्या तळाची गंजलेली प्लेट, फाळक्याची कडी
६. लाईट, रिफ्लेक्टर, रंग

मामांना रंग आधी हवा होता. मिस्त्रीने ऐकलं नाही, आणि ते बरोबरच होतं. थांबता येईल आणि माल सुरक्षित ओतता येईल, एवढं झाल्याशिवाय बाकीच्यावर खर्च करू नका.

नावावर करणं टाळू नका

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अपघात झाला तर नोंदीवर ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे विकणाऱ्यालाही यात तेवढीच घाई हवी. इन्शुरन्सही लगेच आपल्या नावावर करून घ्या. खडी-मुरूम वाहणार असाल तर 'महाखनिज'वर गाडीची नोंद आणि जीपीएसही लागेल.

थोडक्यात

नंबर टाकून कागद तपासा, मग स्वतःच्या मिस्त्रीला गाडीखाली पाठवा. विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री नको. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मामांची गाडी आता क्रशरवर चालते आणि चार ब्रास भरायला सांगितलं तर ते सरळ नाही म्हणतात. तुमच्या घरात कोणी टिपर बघत असेल तर टोकन देण्याआधी त्यांना हा लेख नक्की पाठवा.