जुळं केळं, आईचं वय आणि दीडशे वर्षांचा शोध

“डॉक्टर, मी तर जुळं केळं कधी खाल्लंच नाही!” सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात आजही हे वाक्य ऐकू येतं. केळ्याचा जुळ्यांशी काही संबंध नाही. आईच्या वयाचा मात्र आहे.

१८६५ साली एडिंबरा येथील डॉ. मॅथ्यूज डंकन यांनी बाळंतपणांच्या नोंदी तपासून दाखवलं, की आईचं वय वाढतं तसं जुळ्यांचं प्रमाणही वाढतं. कारण कळायला बराच काळ गेला. एकसारखी जुळी एकाच बीजाचे दोन भाग होऊन होतात. त्यांचं प्रमाण कोणत्याही वयात हजारी साधारण चारच राहतं. वाढतात ती दोन बीजांपासून होणारी. पस्तिशीनंतर बीजांचा साठा आटत जातो. मग मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडते आणि कधीकधी एकाच महिन्यात दोन बीजं पिकतात. म्हणजे दिवस राहणं अवघड होतं, त्याच वयात जुळ्यांची शक्यता वाढते.

दुसरं कारण उपचारांतून आलं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पुढे हे उपचार गावोगावी पोहोचले. यश मिळावं म्हणून एका वेळी दोन-तीन भ्रूण गर्भाशयात सोडले जात, त्यामुळे जुळी-तिळी वाढली. २०१९ मध्ये गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी जुळ्या मुलींना जन्म दिला, तेव्हा देशभर प्रश्न विचारला गेला: वयाला मर्यादा हवी की नको? २०२१ च्या कायद्याने ती घातली. आता स्त्रीला हे उपचार वयाच्या पन्नाशीपर्यंतच घेता येतात.

तुमच्यासाठी यातून काय घ्यायचं? वय आणि जुळी, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्याही बीपी, गरोदरपणातला मधुमेह, सिझेरियन आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका वाढवतात. दोन्ही एकत्र आल्या तर जास्त जपावं लागतं. म्हणून अकरा ते चौदा आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. वार एक आहे की दोन, हे तेव्हाच नीट कळतं आणि पुढच्या तपासण्या त्यावर ठरतात. बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन वेळेवर तपासा. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात आधीच नाव नोंदवा. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा सुजला, तर उद्याची वाट पाहू नका.

आयव्हीएफ करणार असाल, तर “एकाच खर्चात दोन बाळं” हा हिशेब करू नका. एका वेळी एकच भ्रूण चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

पस्तिशीनंतरही जुळी सुखरूप जन्मतात, रोज जन्मतात. वय मागे नेता येत नाही. तपासणी मात्र वेळेवर करता येते.