यमुना आणि यमू

एकच दुःख दोघांनीं सांगितलें, तर ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम सारखाच होतो असें नाहीं. शेजारच्या घरांतील दुर्दैवाची हकीकत तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकली म्हणजे आपण हळहळतों; तीच हकीकत जिच्यावर ओढवली तिच्या तोंडून ऐकली म्हणजे आपली मान खालीं जाते. कादंबरीचेंही असेंच आहे. वाचकाची सहानुभूति कोणाच्या पदरांत पडावयाची हें, कथा कोणाच्या डोळ्यांनीं पाहिली जाते, यावर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. मराठी कादंबरीच्या आरंभकाळांतील दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर याची साक्ष चांगली पटते.

पहिलें पुस्तक बाबा पद्मनजी यांचें 'यमुनापर्यटन'. तें १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा होऊन तेव्हां जेमतेम एक वर्ष लोटलें होतें. आणि हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण करणें हा लेखकाचा उघड हेतु होता. यमुना पतीबरोबर गांवोगांव फिरते, जागोजागीं विधवांची दैना पाहते, आणि पुढें तिच्यावरही तोच प्रसंग गुदरतो. कथा सांगणारा मात्र तिऱ्हाईत आहे. तो आपणांस दुःखाजवळ नेतो, त्यावर दोन शब्द बोलतो, आणि पुढच्या मुक्कामाची वाट धरतो. वाचकही त्या बिऱ्हाडाबरोबरचा एक प्रवासीच होतो. त्याला कींव येते. परंतु प्रवाशाची कींव गांव ओलांडला कीं मागें राहते. शिवाय कथेची अखेर ख्रिस्ती धर्माच्या छायेंत होत असल्यामुळें, 'हें आपल्या घरचें नव्हे' असें म्हणण्यास जुन्या वळणाच्या गृहस्थास सबब आयतीच होती.

यानंतर सुमारें तेहतीस वर्षांनीं, १८९० सालीं, हरि नारायण आपटे यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक सुरू केलें आणि त्यांतून 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. संमतिवयाच्या प्रश्नावरून महाराष्ट्रांत रणें माजलीं होतीं. १८९१ सालीं त्याचा कायदाही झाला. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद वाचून वाचून लोकांचीं मनें घट्ट झालीं होतीं. अशा वेळीं हरिभाऊंनीं वादाची भाषा बाजूस ठेवली आणि यमूला 'मी' म्हणून बोलूं दिलें.

या एका 'मी'नें केवढा पालट घडविला! यमुनेच्या प्रवासांत आपणांस आधीं विधवा भेटते आणि मग माणूस. येथें आधीं एक पोर भेटते. तिचें बाळपण, भावाची माया, आईचा मृत्यु, सासरचा धाक, मग पतीबरोबरच्या संसाराचे थोडे सुखाचे दिवस, हें सारें आपण तिच्याच बरोबर काढतों. वैधव्य येतें तोंपर्यंत आपण त्या घरांत वर्षानुवर्षें राहिलेलों असतों. मग तिच्या केसांवर वस्तरा चालतो तेव्हां शास्त्राधार काढण्याची शुद्ध कोणास राहणार? 'विधवांचा प्रश्न' असा शब्द तेथें तोंडांतून निघतच नाहीं; यमूचें नांव निघतें.

परंतु दिव्याचा उजेड जितका प्रखर, तितकी त्याच्या मागची सावली दाट, हेंही आम्हांस सांगितलें पाहिजे. यमूचें सर्व घर यमूच्याच नजरेनें दिसतें. सासरच्या वडीलधाऱ्या बायका आपणांस भीतीच्या रूपानें भेटतात. त्याही एके काळीं अशाच परकर नेसून या उंबऱ्याच्या आंत आल्या होत्या, हें मनांत येण्यास वेळ मिळत नाहीं. वस्तरा दिसतो, वस्तरा धरणाऱ्या हाताचा माणूस दिसत नाहीं. आणि कादंबरी सुरू झाली त्याच १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून विधवांचें केशवपन न करण्याचा निर्धार केला होता! त्यांच्या 'मी'ची कादंबरी कोणी लिहिली नाहीं.

आणखी एक गोष्ट. यमूचा हा 'मी' पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या एका पुरुषानें लिहिला. तो मऊ आहे, सोसणारा आहे. म्हणूनच वाचकाच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें. त्याआधीं, १८८२ सालीं, ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक स्वतःच्या नांवानें लिहिलें होतें. त्यांतील स्वर संतापाचा होता, आणि संतापणाऱ्या स्त्रीला तसे अश्रू मिळाले नाहींत. ज्याच्या डोळ्यांनीं पाहावें त्याची दया येते खरी; पण कोणाच्या डोळ्यांनीं पाहण्यास आपण राजी होतों, याचाही हिशेब एकदां व्हावयास हवा.

हरिभाऊंचें यश यानें कमी होत नाहीं. पुस्तकाच्या नांवांतच त्यांनीं वाचकाला प्रश्न घालून ठेविला आहे. ज्या माजघरांत 'करमणूक'चा अंक मोठ्यानें वाचला गेला असेल आणि यमूसाठीं पदर डोळ्यांस लागले असतील, त्याच घरच्या चुलीपाशीं आलवणांतील एखादी आत्या निमूटपणें भाकरी थापीत बसली असेल. तिनेंही तें वाचन ऐकलें असेल. अंक मिटल्यावर तिच्याकडे कोणी वळून पाहिलें असेल काय? कादंबरीची खरी परीक्षा त्या वळून पाहण्यांत होती.