औषधाची किंमत आणि दात्यांचा निधी : एड्सविरोधी लढ्याच्या अर्थकारणाचा इतिहास

प्रस्तावना

हुबळीच्या किम्स रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. एचआयव्हीबाधित रुग्णांना तेथे विषाणूरोधक औषधे मोफत मिळतात. औषधे नियमित घेणारा रुग्ण कामधंदा करू शकतो, संसार करू शकतो, मुलांना वाढवू शकतो. इ.स. २००० पर्यंत याच प्रकारच्या औषधांचा एका रुग्णामागे वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरहून अधिक होता. आपल्या भागातील हमालाला किंवा ट्रकचालकाला ती औषधे मिळतील, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर त्यावर विश्वास बसला नसता. हा बदल कसा घडला, त्यासाठी पैसा कोणी दिला आणि कोणत्या अटींवर दिला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कर्जाचा काळ

भारतात एचआयव्हीचा प्रादुर्भाव प्रथम १९८६ साली चेन्नई येथे उघडकीस आला. डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी हा शोध लावला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) स्थापन झाली. तिच्या पहिल्या कार्यक्रमाला जागतिक बँकेने ८ कोटी ४० लाख डॉलर दिले आणि १९९९ च्या दुसऱ्या कार्यक्रमाला १९ कोटी १० लाख डॉलर दिले. ही रक्कम देणगी नव्हती, सवलतीचे कर्ज होते. त्यातून रक्तपेढ्यांची सुरक्षितता, जनजागृती आणि प्रतिबंध यांवर भर देण्यात आला. ज्याला आजार झाला आहे त्याच्या औषधोपचारासाठी मात्र त्यात जवळजवळ काहीच नव्हते.

१९९३ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने झिडोव्हुडीन हे औषध भारतात तयार केले, परंतु उपचारावर खर्च करण्याची तरतूद सरकारजवळ नव्हती. औषध इतके महाग होते की सरकार आणि दाते दोघांनीही उपचाराचा विचारच बाजूला ठेवला होता. लाखो रुग्ण असलेल्या देशांना ‘प्रतिबंध करा’ एवढाच सल्ला मिळत होता.

सिप्लाचा भाव

सिप्लाची स्थापना ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत केली. अलीगढला जन्मलेले आणि बर्लिनमध्ये रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेले हमीद हे राष्ट्रीय विचारांचे गृहस्थ होते. जुलै १९३९ मध्ये महात्मा गांधींनी त्यांच्या कारखान्याला भेट दिली होती. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या पद्धतीवरच पेटंट मान्य केले. त्यामुळे भारतीय कंपन्यांना वेगळ्या पद्धतीने तेच औषध स्वस्तात तयार करता आले. या धोरणाच्या खंद्या पुरस्कर्त्यांत हमीद यांचे पुत्र डॉ. यूसुफ हमीद यांची गणना होते.

सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्स येथील परिषदेत यूसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार स्वस्तात देण्याची तयारी दाखविली. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेला एका रुग्णासाठी वर्षाला ३५० डॉलर असा भाव जाहीर केला. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या ३९ औषध कंपन्यांनी जनमताच्या दबावाखाली आपला दावा मागे घेतला. या यशात तेथील रुग्णांच्या चळवळीचा वाटा मोठा होता.

या भावाने निधी उभारणीचे गणितच बदलले. दहा लाख रुग्णांना जुन्या दराने वर्षाला १,००० कोटी डॉलर लागले असते; नव्या दराने ३५ कोटी डॉलर पुरणार होते. आता दात्यांकडे मागणी करणे शक्य झाले. एप्रिल २००१ मध्ये अबुजा येथे कोफी अन्नान यांनी वर्षाला ७०० ते १,००० कोटी डॉलरच्या निधीचे आवाहन केले. जानेवारी २००२ मध्ये जागतिक निधी (ग्लोबल फंड) कार्यरत झाला. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पाच वर्षांसाठी १,५०० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. त्या भाषणात औषधाचा खर्च १२,००० डॉलरवरून ३०० डॉलरच्या आत आल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. निधी आधी आणि स्वस्त औषध नंतर असा क्रम नव्हता. क्रम उलट होता.

अटींचा प्रश्न

भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू झाली. त्याच सुमारास गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ उपक्रमाने कर्नाटक आणि महाराष्ट्रासह सहा राज्यांत प्रतिबंधाचे काम हाती घेतले. नोव्हेंबर २००२ मध्ये जाहीर झालेले दहा कोटी डॉलर पुढे पंचवीस कोटींच्या वर गेले. महामार्गांवरील ट्रकचालक हाही त्यांच्या कामाचा एक भाग होता. पुणे-बंगळूर महामार्गावरील हुबळी-धारवाडला त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पुढे हे काम टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपविण्यात आले.

अमेरिकी निधीला मात्र एक अट होती. निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे जाहीर धोरण स्वीकारले पाहिजे, असे २००३ च्या कायद्याने ठरविले. सांगलीची ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांना बरोबर घेऊन काम करीत होती. ज्या स्त्रियांच्या भरवशावर हे काम चालते त्यांच्याविरुद्ध लिहून देणे तिला मान्य नव्हते. २००५ मध्ये तिने तो निधी नाकारला. पैसा सोडला, पण माणसे सोडली नाहीत, असेच या निर्णयाविषयी म्हणावे लागेल.

स्वतःचा पैसा

राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाचवा टप्पा (२०२१-२६) १५,४७१.९४ कोटी रुपयांचा असून त्याचा खर्च केंद्र सरकार करते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, यथाशक्य उपचार पुरविण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठविली. त्या वेळी आफ्रिकेतील अनेक देशांत उपचार विस्कळीत झाले. आपल्याकडेही हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथील तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र’ क्लिनिके बंद करावी लागली. मात्र सरकारी केंद्रांतील औषधांवर तसा आघात झाला नाही.

निष्कर्ष

दात्यांच्या निधीने असंख्य प्राण वाचले, हे नाकारता येणार नाही. परंतु जो देतो तो कधीही हात आखडता घेऊ शकतो, हेही या इतिहासातून दिसते. इस्लाममध्ये जकात हा धनिकाचा उपकार मानलेला नाही. त्याच्या संपत्तीतील तो गरजूचा ठरलेला हक्क आहे. रुग्णाच्या औषधाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. औषधनिर्मितीची क्षमता देशात आणि खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात असेल, तरच हा हक्क टिकेल.