स्थलांतरित पूर्वजांचा अभिलेखीय शोध (मराठवाडा)

स्थलांतरित पूर्वजांचा अभिलेखीय शोध म्हणजे गाव सोडून अन्यत्र स्थायिक झालेल्या कुटुंबाचे मूळ गाव, वंशावळ व नातेसंबंध महसुली आणि न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे निश्चित करणे होय. मराठवाड्यात असा शोध प्रामुख्याने जातीचा दाखला, वारसहक्क आणि जमिनीची मालकी यांसाठी घेतला जातो.

पार्श्वभूमी

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दहशतीमुळे आणि पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचारामुळे अनेक कुटुंबांनी गावे सोडली. पुढे १९७२ च्या दुष्काळातही मोठे स्थलांतर झाले.

या काळात प्रशासकीय सीमाही बदलल्या. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेनंतर ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९८२ साली लातूर जिल्हा आणि १९९९ साली जळकोट तालुका अस्तित्वात आला. त्यामुळे जुनी नोंद शोधताना गाव आज कोठे आहे यापेक्षा त्या वर्षी ते कोणत्या तालुक्यात व जिल्ह्यात होते, हे पाहावे लागते. समान नावाच्या गावांमुळेही गफलत होते. जळकोट नावाचे एक गाव तुळजापूर तालुक्यातही आहे.

अभिलेखांचे प्रकार

महसुली अभिलेख : खासरा पत्रक (१९५४-५५), पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, फेरफार व सातबारा. खातेदाराच्या मृत्यूनंतर फेरफारात वारसांची नावे चढतात. त्यामुळे दोन पिढ्यांचा दुवा मिळतो.

न्यायालयीन अभिलेख : वाटणी व वारसाहक्काच्या दिवाणी दाव्यांत पक्षकार बहुधा वंशावळ दाखल करतात. निकाली दाव्यांचे काही कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. निवाडा व हुकूमनामा मात्र अधिक काळ जतन होतात.

नोंदणीकृत दस्त : खरेदीखत व वाटणीपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात मिळतात. ‘राहणार अमुक, हल्ली मुक्काम तमुक’ अशा मजकुरावरून मूळ गाव व स्थलांतरानंतरचे गाव ही दोन्ही कळतात.

इतर नोंदी : शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, गावची जन्म-मृत्यू नोंदवही, १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही आणि तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्या.

शोधाची पद्धत

शोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे नेणे सोयीचे असते. स्वतःच्या दाखल्यापासून वडील, आजोबा, पणजोबा असा प्रत्येक दुवा कागदाने जोडावा लागतो. गावाच्या नावावरून पडलेले आडनाव हा उपयुक्त संकेत आहे. असे आडनाव बहुधा गाव सोडल्यानंतर रूढ होते. तथापि केवळ आडनाव हा पुरावा ठरत नाही.

जुन्या नोंदी उर्दू, फारसी किंवा मोडी लिपीत असतात आणि त्यांवर फसली सन असतो. हैदराबादी फसली सनात ५९० मिळवले असता वर्षारंभाचा इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, फसली १३४५ म्हणजे १९३५-३६. तालुका किंवा जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून प्रमाणित नक्कल घेता येते. संस्थानकालीन कागदपत्रांचा मोठा साठा हैदराबाद येथील तेलंगण राज्य अभिलेखागारात आहे.

कायदेशीर महत्त्व

महाराष्ट्रात जातीच्या दाव्यासाठी पूर्वज विशिष्ट तारखेस राज्यात वास्तव्यास होते, हे दाखवावे लागते. ही तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. २००१ च्या अधिनियमानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. त्यामुळे भूमिहीन, निरक्षर किंवा सतत फिरतीवर राहिलेल्या कुटुंबांची अडचण होते. ज्यांच्या नावे ना जमीन होती ना शाळेतील नोंद, त्यांचे पूर्वज कागदोपत्री सापडणे सर्वांत कठीण असते.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यामुळे निजामकालीन दप्तरांच्या वाचनाला गती मिळाली.

मर्यादा

एकाच नावाच्या व्यक्ती, लिप्यंतरातील फरक, जीर्ण कागद आणि स्त्रियांच्या अपुऱ्या नोंदी यांमुळे निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून एका नोंदीवर विसंबून न राहता किमान दोन स्वतंत्र अभिलेखांचा मेळ घालणे इष्ट ठरते.