विज्जलवीड आणि वाफसा : ‘शास्त्रज्ञ’ या शब्दाच्या अधिकाराचा इतिहास

बीड जिल्ह्यात विज्ञानाच्या परंपरेचा विषय निघाला की भास्कराचार्यांचे नाव आपसूक ओठांवर येते. शके १०३६ मध्ये (इ.स. १११४) जन्मलेल्या या गणितीने ‘सिद्धान्तशिरोमणी’त आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले ‘विज्जडवीड’ असल्याचे नोंदवले आहे. हे गाव म्हणजेच आजचे बीड, असे काही अभ्यासकांनी मांडले. काहींनी चाळीसगावजवळील पाटणचा परिसर सुचवला, तर काहींना ते दूर कर्नाटकात आढळले. बालाघाट ही सह्याद्रीचीच शाखा, एवढा आधार बीडच्या बाजूने देता येतो; तथापि वाद मिटलेला नाही. तो मिटवणे हा या लेखाचा हेतूही नाही. प्रश्न निराळा आहे. उद्या एखादा निर्णायक शिलालेख सापडला आणि भास्कराचार्य बीडचेच ठरले, तर धारूर किंवा शिरूर कासार तालुक्यातल्या एखाद्या मुलीला ‘मीही गणिती होऊ शकते’ असे वाटू लागेल काय? पूर्वजाचा अभिमान आणि स्वतःविषयीचा विश्वास या दोन गोष्टी आपण फार सहजपणे एक समजतो. इतिहास मात्र त्या वेगळ्या असल्याचे सांगतो.

पाटणच्या भवानी मंदिरातील शिलालेख या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. यादव राजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने शके ११२८ च्या सुमारास आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, ही त्यातील मुख्य वार्ता. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण मठाच्या निर्वाहासाठी बाजारातील मालावर आणि तेलाच्या घाण्यावर लावून दिलेल्या वाट्यांची नोंद जुन्या मराठीत येते. भाषांची ही विभागणी बोलकी आहे. ज्ञानाची स्तुती संस्कृतात आणि ज्ञानासाठी कोणी काय द्यायचे याचा हिशेब मराठीत! घाणा चालवणाऱ्याच्या तेलावर मठातला दिवा जळत होता. त्या उजेडात बसण्याचा अधिकार त्याच्या मुलाला होता, असे मानण्यास आधार नाही. विशेष म्हणजे ‘लीलावती’ची मांडणी मात्र अशी बंदिस्त नाही. वाऱ्याने कललेले कमळ, मोडलेला वेळू, खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप ही तिच्यातील उदाहरणे डोळ्यांसमोरच्या जगातून येतात, आणि अनेक प्रश्न एका मुलीला उद्देशून विचारलेले आहेत. ग्रंथ बोलावत होता. संस्था निवड करत होती.

याच भूभागात, अंबाजोगाईशी परंपरेने जोडल्या गेलेल्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचला असे मानले जाते. काळ आणि स्थळ यांविषयी मतभेद असले, तरी शास्त्रार्थ देशी भाषेत मांडता येतो हा आग्रह त्या ग्रंथात स्पष्ट आहे. आपण मराठीचे अध्यापक या घटनेकडे वाङ्मयेतिहासाचा आरंभ म्हणून पाहतो. ती ज्ञानाच्या मालकीच्या इतिहासातलीही घटना आहे, हे वर्गात सांगायचे बहुधा राहून जाते.

आधुनिक काळात बीडचा इतिहास उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळ्या वाटेने गेला. मुंबई इलाख्यात बाळशास्त्री जांभेकर ‘दर्पण’ (१८३२) आणि ‘दिग्दर्शन’ (१८४०) यांतून मराठी वाचकाला नव्या विद्या सांगत होते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले बंधारे, ताली, खत आणि जनावरांची पैदास यांचा विचार करत होते, शेती हा शास्त्राचा विषय आहे आणि ते शास्त्र शेतकऱ्याच्या मुलाला मिळाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. बीड मात्र निजामाच्या राज्यात होते. हैदराबादेत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतर विभाग उभारून विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी यांचे ग्रंथ उर्दूत आणले. भारतीय भाषेत आधुनिक विज्ञान शिकवता येते, याचा तो भक्कम पुरावा होता. पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांसाठी ती भाषा इंग्रजीइतकी दूरची नसली तरी घरचीही नव्हती. म्हणून ‘देशी भाषा’ एवढे म्हणून भागत नाही. कोणाची देशी भाषा, हेही विचारावे लागते. १९३० च्या दशकात अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते, तेव्हा मराठीतून शिकणे ही केवळ अध्यापनशास्त्राची बाब उरलेली नव्हती. तिला राजकीय अर्थ आला होता.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र बदलू लागले. त्यातील सर्वांत दूरगामी घटना म्हणजे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेले महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद. मराठवाड्याच्या दलित साहित्याचा इतिहास मिलिंदच्या परिसराशिवाय लिहिता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु त्याच आवारात विज्ञानाचे शिक्षणही उभे राहिले, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ज्याला गावात पाण्याला स्पर्श करण्याची बंदी होती, तो विद्यार्थी येथे परीक्षानळीत तेच पाणी घेऊन त्याचे पृथक्करण करू शकत होता. या कृतीचे मोल गुणपत्रिकेत मोजता येणारे नाही.

अर्थात दार उघडणे आणि आतल्यांनी आपले म्हणणे यांत अंतर असते. कमला भागवत (पुढे सोहोनी) यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह धरल्यावर अटींसह, एका वर्षाच्या परीक्षेवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्या दुर्गा भागवतांच्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनाचे अभ्यासक, म्हणजे घरात विज्ञान होते, शहर होते, भाषा होती. तरीही ‘मी शास्त्रज्ञ’ म्हणण्यासाठी त्यांना झगडावे लागले. मग ज्यांच्या घरात यांतले काहीच नव्हते, त्यांचे काय झाले असेल?

या प्रश्नाचे व्यवस्थित, प्रयोगसिद्ध उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या मराठी शाळांत काम करू लागले. पुढे १९८० पासून मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी काही वर्षे सातत्याने काम केले आणि त्या मुलांच्या शालान्त परीक्षेतील यशात मोठी सुधारणा झाली. मुलांची बुद्धी कमी पडते, हा समज त्यामुळे खोटा ठरला. कमी पडत होते ते दुसरेच. त्यांतील एक ठळक गोष्ट भाषा होती. पाठ्यपुस्तकातील संस्कृतप्रचुर, लांब वाक्यांची मराठी सोपी करून दिली की मुलांचे आकलन वाढते आणि ती वर्गात बोलू लागतात, असे या केंद्राच्या अभ्यासातून दिसून आले. ‘मातृभाषेतून शिक्षण’ म्हणत आपण ज्या भाषेत विज्ञान शिकवतो, ती अनेक मातांची भाषाच नसते!

अडथळा भाषेइतकाच प्रतिमेचाही आहे. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. त्यांत स्त्री-शास्त्रज्ञाची चित्रे केवळ २८ निघाली, आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. पांढरा अंगरखा, चष्मा, दाढी ही खूण मुले शाळेतच शिकतात. आपल्याकडे ‘शास्त्रज्ञ’ या शब्दातच ‘शास्त्र’ दडलेले असल्याने त्या खुणेला अधिकाराची आणखी एक छटा चढते.

आता बीडच्या वर्गाकडे पाहू. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोची जोडी हिशेबात ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. मुले बरोबर जातात किंवा आजीजवळ वा हंगामी वसतिगृहात राहतात. या मुलांना ऊस जमिनीलगत का तोडायचा हे ठाऊक असते, कारण बुडख्याकडे गोडी अधिक असते; तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते हेही त्यांनी ऐकलेले असते. जी मुले कोरडवाहू शेतीत वाढतात, त्यांना ‘वाफसा’ कळतो. पावसानंतर जमिनीत ओल आणि हवा यांचा पेरणीजोगा मेळ बसण्याची ही अवस्था मातीची मूठ दाबून ओळखायची असते. निरीक्षण, कसोटी, अनुमान हे सर्व त्यात आहे. पाठ्यपुस्तकात मात्र हेच ज्ञान ‘मृदेतील आर्द्रता’ होऊन येते आणि मूल ते परके म्हणून पाठ करते. लोकज्ञान म्हणजेच विज्ञान, असा भाबडा दावा येथे करायचा नाही. वाफसा ओळखणे ही सुरुवात आहे. तो मोजणे, दोन शेतांत तुलना करणे, आपले अनुमान चुकू शकते हे मान्य करणे हा पुढचा प्रवास आहे. पण तो प्रवास मुलाच्या शब्दापासून निघाला, तर निघणारा तोच असतो.

येथे मराठीच्या अध्यापकाचे काम सुरू होते. विज्ञानाची भाषा ही विज्ञानाच्या शिक्षकाची बाब, असे म्हणून आपण बाजूला राहतो. वस्तुतः शब्दांचा इतिहास, बोलींचा साठा, वाक्य सुटसुटीत करण्याची कला आपल्याजवळ आहे. ‘विवेकसिंधु’ शिकवताना भाषेच्या अधिकाराचा प्रश्न, ‘असूड’ शिकवताना शेतीच्या शास्त्राचा प्रश्न, दलित आत्मकथने शिकवताना प्रयोगशाळेच्या दाराचा प्रश्न विचारता येतो. परिसरातील बोलीशब्दांचे असे कोश विद्यार्थ्यांकडूनच करवून घेता येतील, ज्यांत वाफसा, मुरूम, चोपण यांच्यासमोर केवळ अर्थ नव्हे तर ते ओळखण्याची रीतही नोंदवलेली असेल. तो कोश मराठी विभागाचा असेल, आणि विज्ञानाचाही.

भास्कराचार्य बीडचे होते की नाही, याचा निर्णय संशोधक केव्हातरी देतील. चांगदेवाच्या मठासाठी तेल देणाऱ्या घाण्याचा वारस आज आपल्या वर्गात बसलेला आहे. त्याचा वाटा आता करात नव्हे, ज्ञानात मोजला जावा, हे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.