सांधा पक्का आहे हे कशावरून?

सायकलची फ्रेम घरी वेल्डिंग करून बनवायची आहे, असं एखादा नवशिका म्हणाला की आपण लगेच त्याला कोणतं यंत्र घ्यायचं ते सांगू लागतो. खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. सांध्याची फक्त वरची बाजू दिसते, भार मात्र सगळा सांधा पेलतो. मग तो पक्का आहे हे ठरवायचं कसं? या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी उत्तरं मिळाली. आज आपण ती क्रमाने पाहू.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली आणि पुढच्या काही वर्षांत आजची चौकोनी फ्रेम रूढ झाली. घरातली एखादी जुनी काळी सायकल पाहा. हँडलखाली नळ्या जिथे मिळतात तिथे पोलादी बाह्या दिसतील. त्यांना ‘लग’ म्हणतात. नळी बाहीत घालून तापवायची आणि फटीत पितळ वितळवून सोडायचं, याला ब्रेझिंग म्हणतात. पितळ साधारण ९०० अंश सेल्सियसला वाहू लागतं, पण पोलाद वितळत नाही. केशाकर्षणाने पितळ आत ओढलं जातं. एका कडेला लावलेलं पितळ दुसऱ्या कडेला चमकलं की कारागीर समजे, आत पोचलं. हे पहिलं उत्तर : डोळ्यांना दिसणारी खूण. अमेरिकेत डेटन गावी राइट बंधू १८९६ पासून आपल्या छोट्या दुकानात स्वतःच्या सायकली बनवू लागले. इंजिनिअरिंगची पदवी दोघांकडेही नव्हती.

१८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. सांध्यापाशी जाडी, इतरत्र वजनात बचत. १९३५ मध्ये त्यांची ‘५३१’ ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आली. ती फार तापली तर कमजोर होई. १९७० च्या दशकातली ‘७५३’ आणखी पातळ, आणखी नाजूक. नमुन्याचा सांधा करून पाठवा, तो तपासणीत उतरला तरच ही नळी मिळेल, असा कंपनीचा नियम होता. हे दुसरं उत्तर : प्रमाणपत्र.

तिसरं वळण विमानांच्या कारखान्यातून आलं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी टंगस्टनची कांडी आणि हेलियमचं आवरण वापरलं. आजच्या टिग वेल्डिंगचा हा पाया. यात मूळ धातूच वितळतो, बाही लागत नाही. पुढे कॅलिफोर्नियात डोंगरी सायकली आल्या. त्यांच्या जाड नळ्यांना बसतील अशा बाह्याच बाजारात नव्हत्या. शाळकरी वयापासून फ्रेम बनवणाऱ्या टॉम रिची याने १९७९ च्या सुमारास कोपऱ्यात पितळ भरून, बाहीशिवाय त्या जोडल्या. नंतर कारखान्यांनी टिग उचललं. १९९५ च्या सुमारास रेनॉल्ड्सची ‘८५३’ आली. ती वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना सांध्यापाशी उलट कणखर होते.

आता नवशिक्याकडे वळू. मायकेल पोलान्यी यांनी १९५८ च्या ग्रंथात सायकलस्वाराचं उदाहरण दिलं आहे : तोल सांभाळण्याचा नियम त्याला सांगता येत नाही, तरी तो तोल सांभाळतो. हे खरंच. पण तोल चुकला तर माणूस तिथल्या तिथे पडतो आणि शिकतो. सांधा चुकला तर हजारो किलोमीटर काही कळत नाही. धातू थकत राहतो आणि एखाद्या उतारावर हँडलखालची नळी सुटते. हाताला आलेला सराव आणि सांध्याची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून घरी शिकणाऱ्यापुढे तिसरं उत्तर उरतं : स्वतः केलेलं मोडून पाहणं. नळीचं टोक दुसरीच्या गोलाईला फट न राहता बसेपर्यंत कानशीने घासावं. जस्ताचा मुलामा असलेली नळी घेऊ नये, तिचा धूर विषारी असतो. पहिले वीस-तीस सांधे फ्रेमसाठी करूच नयेत. ते शिकंज्यात धरून वाकवावेत, करवतीने उभे कापावेत. आत पोकळी दिसली, किंवा नळी शेजारी शाबूत राहून जोडच उकलला, तर पुन्हा करावेत. त्या फ्रेमवर उद्या घरातलं दुसरं कुणी बसणार आहे. त्याला आत पाहता येणार नाही. त्याच्या वतीने आपणच आधी पाहिलेलं असलं पाहिजे.