वैनगंगेच्या वाळूतील सोने

वैनगंगेच्या खोऱ्यात वाळूतून सोने निघते, ही गोष्ट आपल्या भंडाऱ्याला नवी नाही. ते वेचून पोट भरणारा सोनझारी समाज याच मुलुखातला. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सोने धुणाऱ्या या लोकांची स्वतंत्र नोंद आहे. भंडारा त्या वेळी मध्यप्रांतातच होता.

सोनझाऱ्याची विद्या साधी आहे. लाकडी काठवटीत वाळू व पाणी घ्यावयाचे आणि ती हलक्या हाताने फिरवीत राहावयाचे. सोने पाण्याच्या १९ पट जड, तर साधी वाळू अडीच-पावणेतीन पट. हलकी वाळू वाहून जाते, मागे काळी वाळू उरते आणि तिच्या तळाशी, नशीब असेल तर, एखादा पिवळा कण. धुतलेली वाळू जागच्या जागी पडते. पुढचा पूर खळगा बुजवितो. मोबदला थोडका, पण नदीचेही फारसे काही जात नाही.

परदेशांत हाच उद्योग आता अनेकजण हौसेखातर करतात. तसे आपणही सुट्टीच्या दिवशी का करू नये, असे एखाद्या तरुणाच्या मनात आले तर नवल नाही. त्याला प्रथम कायदा सांगितला पाहिजे. खाणी व खनिजांविषयीच्या १९५७ च्या अधिनियमाचे ४ थे कलम परवान्यावाचून खनिजाचा शोध घेण्यास मनाई करते. हौस म्हणून त्यात सूट नाही. उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. येथे एक गोष्ट मनाला लागते. कुंभाराला मातीसाठी राज्याच्या नियमांत सवलत आहे. सोनझाऱ्याची काठवट मात्र त्याच कलमाखाली येते. खनिज कोणाच्या मालकीचे, हे कायदा पाहतो. नदीचे किती बिघडले, हे या कलमात मोजले जात नाही.

तो दुसरा हिशेब इतिहासाने मोठी किंमत देऊन शिकविला. कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले. पुढे पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी डोंगरच्या डोंगर धुऊन काढले गेले. तो गाळ खालच्या नद्यांत साचला, पात्रे उथळ झाली, पूर शेतांत शिरले. अखेर खालच्या अंगाचे लोक न्यायालयात गेले आणि १८८४ साली न्यायाधीश सॉयर यांनी असा गाळ नदीत सोडण्यास बंदी केली. वर सोने काढणाऱ्याचा हक्क खालच्या शेतकऱ्याच्या बांधाशी संपतो, हा त्या निकालाचा अर्थ. पाऱ्याची कथा याहून वाईट. सोन्याचे कण पकडण्यासाठी वापरलेला पारा पाण्यात जातो, माशांत साठतो आणि माशांवाटे माणसाच्या अंगी येतो. त्याला आळा घालण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला. भारताने तो २०१८ साली मान्य केला.

आता आपल्या नदीकडे पाहू. गोसीखुर्दच्या धरणाने वैनगंगेचे पुष्कळ जुने पात्र पाण्याखाली गेले आहे. उरलेल्या वाळूवर ढिवरांच्या डांगरवाड्या, मासळी आणि काठच्या विहिरींचा ओलावा अवलंबून आहे. यंत्राने उपसलेली वाळू काठवटीतल्या वाळूसारखी परत पडत नाही. ती गाडीतून शहरात जाते आणि आमच्याच घरांच्या भिंतींत बसते. म्हणून सोनझाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आम्ही नगरवासीयांनी आपल्या भिंतींकडे पाहावे, हे बरे.

हौशी माणसाला आमचे सांगणे एवढेच : परवान्यावाचून पात्रात हात घालू नये, जेथे परवानगी मिळेल तेथे पारा व यंत्र वर्ज्य मानावे, काठ खणू नये आणि केलेला खड्डा उठण्यापूर्वी बुजवावा. आणि सोनझाऱ्याला वगळून नियम करणाऱ्यांना सांगणे असे की, नदीचे नुकसान न करता तिच्यातून कसे घ्यावे, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नियम करताना त्याला विचारावे.